पन्नासपर्यंत घडाघडा, पण पाच ठोकळे मागितले की ओंजळभर: बालवर्गातलं एक प्रकरण

मुलगी सव्वाचार वर्षांची, बालवर्गातलं दुसरं वर्ष. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे "१ ते ५० येतात" म्हणून टिक आहे आणि ती टिक खोटी नाही, मी स्वतः ऐकलंय, एकोणतीस-एकोणचाळीसपाशी जराशी अडखळते पण गाडी पुढे नेते. वर्गात आवाज सगळ्यात खणखणीत तिचाच. त्यामुळे ताईंच्या डोक्यात ती "गणितात छान" या खात्यात जमा होती, आणि जी मुलं छान या खात्यात जमा असतात त्यांच्याकडे परत बघायला वर्गात वेळच कुणाला असतो.

मी या वर्गात अधूनमधून जाते. ताईंबरोबर बसायचं, काय चाललंय ते बघायचं, मुलं गेली की त्यावर बोलायचं, एवढंच काम. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) एकदा ठोकळ्यांच्या कोपऱ्यात ताई काहीतरी रचत होत्या आणि सहज तिला म्हणाल्या, "पाच ठोकळे दे गं मला." तिने दोन्ही हातांनी ओंजळ भरून दिली.

ताईंनी विचारलं, "किती आहेत बघू?"

तिने ओळीत लावले, एकेकाला बोट लावत मोजले, एकही सुटला नाही, एकही दोनदा मोजला नाही. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात."

"मग किती झाले?"

"एक, दोन, तीन, चार..." परत पहिल्यापासून.

"बरं, मी तर पाच मागितले होते. हे पाच आहेत का?"

"हो."

अगदी आत्मविश्वासाने हो. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं लक्ष नसेल, खेळात असेल. म्हणून जरा वेळाने परत मागून बघितले, खेळ म्हणूनच, एक बाहुली मध्ये ठेवून "हिला एक बटण दे, आता दोन दे" असं. एक मागितलं की एक, दोन मागितले की दोन, दरवेळी. तीन बहुतेक वेळा बरोबर. चार म्हटलं की मूठ. पाच म्हटलं की मूठ. सहालाही मूठच आणि ती मूठ काही चारच्या मुठीपेक्षा मोठी नव्हती.

आता हे जे झालं त्यात विचित्र काही नाही, हे आधी सांगते, कारण असं ऐकलं की लगेच "मागे पडलीय का, काही प्रॉब्लेम आहे का" सुरू होतं. आकडे क्रमाने म्हणता येणं, वस्तूंना एकेक आकडा लावता येणं आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे त्या सगळ्या ढिगाची संख्या हे कळणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली, त्यात या तीन आहेतच, शिवाय काहीही मोजता येतं आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं ही उरलेली दोन. आपल्याला मोठ्यांना हे पाचही एकच काम वाटतं. मुलांना नाही वाटत. या मुलीला पहिल्या दोन गोष्टी उत्तम येत होत्या, तिसरी नव्हती. "किती झाले" म्हणजे "मोजून दाखव" असाच तिचा समज होता, म्हणून विचारलं की ती परत मोजायची. तिच्या बाजूने ते बरोबर उत्तर होतं.

आणि ठोकळे मागून बघणं हीसुद्धा ताईंनी नकळत केलेली एक जुनी, नीट तपासलेली चाचणी आहे. कॅरेन विन यांनी १९९० च्या सुमाराला लहान मुलांबरोबर हेच केलं, "मला इतके दे" म्हणायचं आणि मूल काय देतं ते बघायचं. त्यातून दिसलं की मुलं हे एकदम शिकत नाहीत, पायरीपायरीने शिकतात. आधी फक्त "एक" चा अर्थ कळतो, बाकी सगळे आकडे म्हणजे "बरेच". मग काही महिन्यांनी "दोन" कळतो, मग "तीन", काहींना "चार" पण असाच सुटा कळतो, आणि त्यानंतर केव्हातरी पुढचं सगळं एकदम उलगडतं, मोजून कितीही देता येतात. पहिल्या पायरीपासून या उलगडण्यापर्यंत वर्षभर, काही मुलांना त्याहून जास्तही लागतं. साडेतीन-चारच्या आसपास बरीच मुलं तिथे पोचतात पण मागेपुढे खूप असतं. म्हणजे आपली मुलगी "तीन" च्या पायरीवर होती. तोंडाने पन्नास, हाताने तीन.

खरा प्रश्न मुलीचा नाहीच. दीड वर्षं ती रोज वर्गात येतेय, रोज मोजतेय, आणि तरी हे दिसलं कसं नाही? ताई चांगल्या आहेत हे मुद्दाम सांगते. मुलांवर ओरडत नाहीत, वर्गात हसू-खिदळू असतं, मुलं त्यांच्या मांडीत येऊन बसतात. त्यामुळे "शिक्षिका वाईट" हे सोपं उत्तर इथे चालणार नाही.

त्यांची रोजची पद्धत बघा. सकाळी सगळे गोलात बसतात, भिंतीवर १ ते ५० चा चार्ट, ताई पट्टी फिरवतात आणि सगळा वर्ग एका सुरात आकडे म्हणतो. मग चार्टवरच्या चित्रातल्या वस्तू मोजायच्या, तेही एका सुरात. मग "किती?" आणि सगळा वर्ग "पाऽऽच". यात मी आमच्या मुलीकडेच बघत बसले तेव्हा कळलं की ती उत्तर देत नाहीये, ती उत्तर उचलतेय. इतरांच्या अर्ध्या सेकंदाने मागून, पण इतक्या जोरात की तिनेच सांगितलं असं वाटावं. वीस-बावीस पोरांच्या आवाजात हे ऐकू येणं शक्यच नाही, जो चार्टसमोर उभा आहे त्याला तर नाहीच.

दुसरं म्हणजे अंक गिरवणं. वर्कशीटवर ५ काढलाय, शेजारी पाच फुलं छापलीत. मुलं ५ गिरवतात, फुलं रंगवतात. फुलं आधीच पाच आहेत! मुलाला पाच *करायचे* नाहीयेत, कुणीतरी आधीच करून ठेवलेत. अख्ख्या वहीत एकही असं पान नव्हतं जिथे मुलाला संख्या स्वतः तयार करावी लागेल. हे मी ताईंना दाखवलं तेव्हा त्यांनी वही मागेपुढे दोनदा चाळली आणि म्हणाल्या, "खरंच की, सगळं तयारच आहे."

तिसरी गोष्ट जरा नाजूक. मुलं अडली की ताई लगेच मदत करायच्या, प्रेमानेच. प्रश्न विचारला, मूल गप्प, की त्या स्वतः पहिला आकडा म्हणून द्यायच्या किंवा शेजारच्याला विचारायच्या. मेरी बड रो यांचं १९७० च्या दशकातलं काम आहे यावर, शाळांमध्ये त्यांनी टेप लावून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर थांबतात किती, तर सरासरी जेमतेम एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात, एरवी गप्प असणारीही बोलतात. ते काम प्राथमिक शाळेच्या मुलांवरचं, चार वर्षांच्या मुलाला तर त्याहून वेळ लागणार. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, वर्गासमोर उभं राहून गप्प बसून बघा एकदा.

आणि शाबासकी. "व्वा, पन्नासपर्यंत!" ही शाबासकी तिला रोज मिळायची, घरीही मिळायची, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावायचे. मग मुलगी कुठे जोर लावेल? जिथे टाळ्या पडतात तिथे.

मग काय बदललं. मी आधी म्हटलं समूहात आकडे म्हणणं थोडं कमी करू, तर ताईंना ते पटलं नाही, "मुलांना आवडतं ते, आणि क्रम पाठ व्हायलाही लागतो ना" असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नाही. क्रम पक्का असल्याशिवाय पुढचं मोजणं उभंच राहत नाही, आणि मराठीत तर शंभरापर्यंत जवळपास प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. म्हणून ते ठेवलं, फक्त त्याच्या शेपटाला एक गोष्ट जोडली. चार्टवरचं चित्र मोजण्याऐवजी खऱ्या वस्तू, त्याही तीन-चारच, आणि आधीच नाव घ्यायचं: "ही चार बटणं. एक, दोन, तीन, चार. चार बटणं." शेवटचा आकडा म्हणताना हात सगळ्या बटणांवरून गोल फिरवायचा. मोजणं आणि एकूण संख्या ही दोन्ही एकाच वेळी, एकाच ढिगाबद्दल ऐकू आली पाहिजेत, यातली गंमत एवढीच. नुसतं मोजून सोडून दिलं तर मुलाला शेवटचा आकडा हा शेवटच्या बटणाचं नाव वाटू शकतो.

दुसरं, कामं सांगायची. "तीन खडू आण." "चार खुर्च्या लाव, बाहुल्यांना बसायचंय." प्रत्येक मुलाच्या पायरीला धरून, म्हणजे आमच्या मुलीला तीन आणि चार, जो "एक" वर आहे त्याला दोन. दहा नाही, वीस नाही. ताईंना सुरुवातीला हे फार खालचं वाटलं, पन्नास येणाऱ्या मुलीला चार काय शिकवायचे. पण मूल जिथे डगमगतंय नेमकं तिथेच काम करायचं असतं, त्याच्या खाली कंटाळा आणि फार वर गेलो की परत पोपटपंची.

यासाठी वर्गाची मांडणी हलवावी लागली कारण बावीस जणांना एकेक काम सांगत बसलं तर दिवस संपेल. मदतनीस ताई मोठा गट सांभाळायच्या, चित्रं-माती वगैरे, आणि ताई पाच-सहा मुलांना घेऊन जमिनीवर बसायच्या, गट रोज बदलायचा. हे कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं नव्हतं. मदतनीस ताईंना पहिले काही दिवस मुलं जुमानायची नाहीत, मध्येच कुणी रडत यायचं, छोटा गट अर्ध्यात मोडायचा. हळूहळू बसलं, पूर्ण नाही.

तिसरं, चूक-बरोबर न म्हणता तपासायला लावायचं. "तू चार दिलेस का? चल बघू, बाहुल्यांसमोर एकेक ठेव." चार बाहुल्या, सहा बटणं, दोन उरतात ते मुलालाच दिसतं, ताईंनी सांगायची गरज नाही. आणि यानंतर गप्प बसायचं. हे गप्प बसणं ताईंना सगळ्यात जड गेलं, एकदा तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं, स्वतःच्याच.

एक गोष्ट फसली, तीही सांगते. ठिपक्यांची कार्डं केली होती, फाशावर असतात तशी मांडणी. मुलगी दोन दिवसांत पाचचं कार्ड ओळखायला लागली आणि आम्ही खूश. मग पाच बटणं मागितली तर तिने फाशासारखे चार कोपरे मांडले, आणि मधे एक ठेवायचं तर दोन ठेवली, चित्र साधारण तसंच दिसतंय ना, झालं. तिला तो आकार कळला होता, पाच नव्हे. कार्डं वाईट असं नाही, तीन-चारपर्यंतचा गट न मोजता नजरेने ओळखणं हे खरं आणि उपयोगी कौशल्य आहे, पण एकाच मांडणीत दाखवत राहिलं की मूल मांडणी शिकतं. नंतर ताईंनी कार्डांवरचे ठिपके वेडेवाकडे केले, काहींवर मोठे, काहींवर बारीक.

एक मात्र माझ्या नजरेतून सुटलं असतं, मदतनीस ताईंनी पकडलं. मुलीला चार वस्तू दाखवून "किती" विचारलं तर तोंडाने कधी पाच म्हणायची, कधी सहा, पण तेव्हाच हाताची बोटं वर असायची, बरोबर चार. यावरही काम झालंय, २०१५ मध्ये एलिझाबेथ गंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या मुलांना आकड्याच्या शब्दाचा अर्थ अजून पक्का झालेला नाही ती बोटांनी जास्त बरोबर सांगतात. म्हणून मग ताईंनी "बोटांनी दाखव" हे आधी आणि "सांग" नंतर असं केलं. मला विचाराल तर सगळ्या बदलांमध्ये सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा हा बदल, आणि तो सुचवला त्या बाईंचं नाव कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

पट्टीचा खेळही आणला. एका सरळ रेषेत १ ते १० घरं, फाशाऐवजी फिरवायची चकती, तिच्यावर फक्त १ आणि २, आणि सोंगटी पुढे सरकवताना घरांवरचे आकडे म्हणायचे, म्हणजे पाचवर असाल आणि दोन पडले तर "सहा, सात", "एक, दोन" नाही. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये हा खेळ साधारण पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत, दोन आठवड्यांत मुलांकडून खेळून घेतला आणि मुलांची संख्यांची समज चांगलीच सुधारली. त्याच पट्टीवर आकड्यांऐवजी नुसते रंग ठेवून खेळलेल्या मुलांमध्ये तसं झालं नाही. घरं सरळ रेषेत आणि सारख्या मापाची असणं इथे महत्त्वाचं. वर्गात सापशिडी पडलेलीच होती, ताई म्हणाल्या तीच घेऊ, पण सापशिडी वळत वळत जाते आणि वर साप गिळतो, तेव्हा कितीच्या पुढे किती हे मुलाला दिसतच नाही, नऊवरून थेट खाली.

आता मुलीचं काय झालं. बरेच दिवस काहीच नाही. तीन पक्के झाले, चार कधी बरोबर कधी मूठ. ताई वैतागल्या, "एवढं करून चारवरच?" मग चार पक्के झाले. आणि त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, ताईंनी पाच मागितले तर तिने एकेक मोजत दिले आणि पाचवर थांबली. डब्यात ठोकळे शिल्लक होते, हात आत होता, तरी थांबली. लगेच सहा मागितले, सात मागितले, आठला एकदा घसरली, तपासून नीट केले. पाच-सहा-सात वेगवेगळे शिकवावे लागले नाहीत, वर सांगितलं तसं ते एकत्रच आले.

इथे जाहीर करून टाकण्याचा मोह होतो की झालं, आलं. पण ताईंनी आणखी एक गोष्ट करून बघितली जी मला फार आवडली. डब्यात पाच ठोकळे मुलीनेच मोजून टाकले, झाकण लावलं, मग झाकण उघडून तिच्यासमोर एक आणखी टाकला आणि परत बंद. "आता आत किती?" मुलगी म्हणाली, "आठ." मग "दहा." पाचनंतर सहा येतो हे तिला झोपेतही सांगता येईल. पण पाचमध्ये एक घातला की *सहा होतात* हे अजून तिच्याकडे नाही. २०१२ मध्ये डेव्हिडसन, एंग आणि बार्नर यांनी हेच दाखवलं होतं, मोजून हवे तितके देऊ शकणाऱ्या मुलांपैकीही अनेकांना प्रत्येक संख्येत एक मिळवला की पुढची संख्या होते हे लगेच कळलेलं नसतं. म्हणजे पुढचं काम कुठे आहे ते आता ताईंना माहितीये, आणि झाकणाचा डबा वर्गात कायमचा राहिलाय.

बाकीच्या वर्गाचं थोडक्यात. सगळ्यांना ठोकळे मागून बघितल्यावर आमच्या मुलीसारखी आणखी काही निघाली, आणि उलटंही, एक अगदी अबोल मुलगा, गोलात तोंड न उघडणारा, ज्याच्या नावापुढे "१ ते १० येत नाहीत" होतं, त्याने दहा ठोकळे मोजून दिले. त्याला येत नव्हतं ते सगळ्यांसमोर बोलणं. यादीत तो सगळ्यात खाली होता.

आणि ताईंच्या बोलण्यात फरक पडला तो मला मुलांच्या फरकाइतकाच मोठा वाटतो. "दोघं जण इकडे या", "आणखी एक पाहिजे", "तुझ्याकडे जास्त की तिच्याकडे" असं दिवसभर सहज येतं आता, हात धुताना, चपला लावताना. वर्गा-वर्गांत या बोलण्याचा फरक प्रचंड असतो, क्लिबानॉफ आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात बालवर्गाच्या एका तासात शिक्षिकेच्या तोंडून संख्यांशी संबंधित गोष्ट कुठे १ वेळा आली तर कुठे १०४ वेळा, आणि जिथे जास्त तिथे वर्षभरात मुलांची संख्यांची समज जास्त वाढलेली दिसली. वेगळा तास लागत नाही त्याला.

घरचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. आईला ताईंनी सगळं समजावलं, घरी "चार चमचे आण" असं सांगत जा म्हणाल्या, आई हो म्हणाल्या आणि निघताना विचारलंच, "पण शंभर कधी येतील?" त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, शाळेच्या वर्षअखेरच्या यादीतही "१०० पर्यंत म्हणतो/म्हणते" एवढाच रकाना आहे, आणि तो बदलणं ताईंच्या हातात नाही. त्यांनी एवढंच केलंय की रजिस्टरमध्ये त्या रकान्याशेजारी पेन्सिलीने एक रेघ ओढून दुसरा रकाना काढलाय, "मागितले तर किती देते", आणि मुलीच्या नावापुढे आता पहिल्यात ६० आहे, दुसऱ्यात ८.